शाळा सुटायची वेळ आणि समोरचा रस्ता : तुमचे अनुभव सांगा

गिरणाकाठची
आज सकाळी भाचीला शाळेत सोडायला गेले होते. गेटासमोर एक मुलगी, असेल सहावीतली, लहान भावाला घेऊन कडेला उभी. तिने त्याचं बोट नाही, मनगट धरलं होतं. एकदम आई आठवली. "बोट धरू नको, मनगट धर. बोट निसटतं."

१९९१ चा एप्रिल. मी तिसरीत, भाऊ पहिलीत. सकाळची शाळा, सुटली तेव्हा साडेअकरा झाले असतील. जळगावचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, डांबर पातळ झालेलं. हायवे ओलांडताना अर्ध्यात त्याची चप्पल डांबराला चिकटली. बाजारातून परवाच आणलेली, नवी. मी त्याला ओढलं, तो आला, चप्पल तिथंच. आणि तो हात सोडवून चपलेसाठी मागे फिरला. मी बोट धरलं होतं.

ट्रक त्याच्यापासून दोन हातांवर थांबला. ड्रायव्हर सरदारजी होते. ओरडले नाहीत. खाली उतरून चप्पल डांबरातून सोडवली, आम्हाला पलीकडे नेलं, मग स्वतःच कडेला मातीत बसले. हात थरथरत होते त्यांचे. आम्ही घरी काही सांगितलं नाही. आईने डांबराचे डाग रॉकेलने काढले आणि तिनेही काही विचारलं नाही.

आजच्या त्या मुलीला रस्ता मिळायला बराच वेळ लागला. थांबलं कोणी नाही. थांबायला हवं होतं ते बहुतेक आमच्यासारखेच, पोरांना सोडायला आलेले. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? काही बदललं असेल तर तेही लिहा.

धुळ्याची_लेक
काटा आला अंगावर ताई. भाऊ कसे आहेत आता?

गिरणाकाठची
छान आहे गं. पुण्यात असतो. त्याला चप्पल आठवते, ट्रक आठवत नाही.

जीभाऊ_पारोळा
आमच्याकडे हायवेला अजूनही सहा नंबरच म्हणतात, पाटीवर ५३ झाला तरी. पार हजिऱ्यापासून ओरिसापर्यंतचा ट्रक यावरून जातो. त्याला काय माहीत इथं मराठी शाळा आहे, साडेदहाला चारशे पोरं येतात. शाळेचा बोर्ड होता तो कडुलिंबाच्या फांदीआड गेला. आम्ही चौघांनी शिडी लावून फांदी छाटली, अर्ध्या तासाचं काम. तीन वर्षं सगळे नुसते बघत होतो.

सावदा_केळी
मी १४ वर्षं केळीची गाडी चालवली, दिल्ली लाइन. ड्रायव्हरच्या बाजूने सांगतो. भरलेली गाडी जागेवर थांबत नाही. ४० च्या स्पीडला सेकंदाला ११ मीटर जाते, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढी पुढे गेलेली असते. आणि कॅबिन उंच, अगदी पुढ्यात लहान पोर असलं तर दिसतच नाही. पोरांना एक गोष्ट शिकवा. एसटीतून उतरल्यावर एसटीच्या पुढून रस्ता ओलांडायचा नाही. एसटी जाऊ द्यायची, दोन्ही बाजू मोकळ्या दिसल्या की मग. माझ्या गाडीसमोर एकदा असंच झालं होतं, पोर वाचलं. पण त्या रात्री मी गाडी चालवू शकलो नाही, क्लीनरला बसवलं.

आंबेमोहोर
सावदा म्हणजे भाऊ तुम्ही आमच्या शेजारचेच. यंदा केळीला भाव कसा?

सावदा_केळी
भावाचं विचारू नका. इथं पोरांचं चाललंय, ते चालू द्या.

शिक्षक_चोपडा
शाळेचा अनुभव लिहितो, तास संपला आहे.
आमच्याकडे खरी अडचण ट्रकची नव्हती. पालकांच्या गाड्यांची होती. प्रत्येकाला आपली गाडी गेटाला टेकवायची असते, म्हणून चालत येणारी पोरं रस्त्याच्या मधून जायची. पालक सभेत तीनदा सांगितलं, फरक पडला नाही. मग एका शनिवारी कबड्डीचं मैदान आखतो ती फक्की घेतली आणि गेटाच्या दोन्ही बाजूंना पन्नास पन्नास पावलांवर आडवी रेघ मारली. रेघेच्या आत गाडी नाही. आरएसपीची (रस्ता सुरक्षा दलाची) सातवी-आठवीची पोरं शिट्टी घेऊन उभी केली, सोबत एक शिक्षक रोज. दुसरं म्हणजे पहिली ते चौथी दहा मिनिटं आधी सोडतो. एकदम सहाशे पोरं बाहेर पडत नाहीत. खर्च किती, तर फक्कीच्या गोणीचा.
पहिल्या आठवड्यात एक पालक माझ्यावर धावून आले. आता तेच रेघेबाहेर उभे राहून इतरांना थांबवतात.
आणि हे कमी लोकांना माहीत आहे. स्कूल बसच्या २०११ च्या राज्य नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असावी लागते, मुख्याध्यापक अध्यक्ष, त्यात पालक, पोलीस आणि आरटीओचेही लोक. आपल्या शाळेत ती कधी बसते, विचारा. लेखी विचारा.

अहिराणी_माय
मन्हा आंडोर (पोरगा) पाचवीमा शे. रोज तोच रस्ता. तो घर येस तवयच मी चहा पेस. सर तुम्हनं बरोबर शे, फक्कीनी रेघ आम्हनाकडे बी मारनी पडई.

धुळ्याची_लेक
माय तुमचं वाचून माझी आजी आठवली, तीपण ओट्यावर बसून राहायची आम्ही दिसेपर्यंत

मोठी_बहीण
माझा लहान भाऊ. २००३. शाळेच्या समोरच. तो समोरच्या गाडीवरून कैरी आणायला गेला होता. एवढंच लिहू शकते.

गिरणाकाठची
ताई 🙏 जेव्हा वाटेल तेव्हा लिहा. नाही लिहिलंत तरी चालेल.

सावदा_केळी
🙏🙏

दुपारची_शिफ्ट
मोठी_बहीण, मी काही बोलत नाही, फक्त जे केलं ते सांगते. आमच्या शाळेसमोरही कैरी, बोरं, पेप्सीकोलावाल्या मावशी पलीकडच्या बाजूला बसायच्या. मधल्या सुट्टीत पोरं भान हरपून पळायची. आम्ही तिघी आया त्यांच्याकडे गेलो, म्हटलं मावशी, गेटाच्या बाजूला बसा, सावलीची जबाबदारी आमची. जुन्या साडीचा मांडव बांधून दिला. त्या लगेच हो म्हणाल्या. म्हणाल्या, मलाबी रोज धाकधूक व्हायची.

शहादा_ऊस
इकडे कारखाना चालू झाला की पोरांचा जीव ट्रॅक्टरमागे. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. पोराला वाटतं ट्रॅक्टर गेला, एक ट्रॉली गेली, झालं. तो पाय पुढे टाकतो आणि मागून दुसरी येते. शिवाय ऊस ओढायला पळतात. चालत्या ट्रॉलीतून ओढलेलं कांडं गोड लागतं म्हणे. मीही ओढलाय, आज माझ्या पोराला मात्र नाही म्हणतो.
हिवाळ्यात सकाळी सातला अंधार आणि धुकं. मी सायकलच्या दुकानातून लाल-पांढरी चमकणारी पट्टी आणून वर्गातल्या सगळ्यांच्या दप्तरांना चिकटवली. दिव्यात लांबून दिसते. एका मुलीने उरलेली पट्टी तिच्या शेळीच्या गळ्यात बांधली, तीपण शाळेपर्यंत सोबत येते ना.

आंबेमोहोर
शेळी 😄 शाबास पोरगी

भुसावळकर
रस्त्याचं सोडा, आमच्याकडे रूळ. मालगाडी उभी असली की पोरं डब्याखालून पलीकडे. गाडी कधी सुटेल काही नेम नसतो आणि सुटताना पहिला झटका अचानक येतो. पूल आहे, पण लांब पडतो. माझे वडील रेल्वेत होते, त्यांनी मला एकदाच सांगितलं, "उभी गाडी म्हणजे थांबलेली गाडी नव्हे." मी रोज पुलावरून गेलो, वर्गाला उशीर झाला तरी.

रस्त्याचा_माणूस
बांधकामात काम करतो म्हणून गतिरोधकाबद्दल. गावोगावी लोक रात्रीतून मुरूम-सिमेंटचा उंच कट्टा घालतात. हेतू चांगला, पण त्यावर दुचाकीवाली बाई पोरासकट पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधे १० सेंटिमीटर उंच, गोलाईचा. त्यावरून २५ च्या वेगाने गाडी आरामात जाते, जास्त वेग असेल तरच झटका बसतो. वर पांढरे पट्टे आणि आधी पाटी हवीच. अर्जात हे माप लिहून द्या, "स्पीड ब्रेकर टाका" एवढंच लिहू नका. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर तक्रार नोंदवता येते.

आठवीची_आई
आमच्या गल्लीत नववीची पोरं स्कूटर घेऊन क्लासला. तिघं तिघं. कायदा २०१९ ला बदललाय, अल्पवयीन मुलाने गाडी चालवली आणि गुन्हा घडला तर पालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मी मुलाला हे वाचून दाखवलं. रुसला. सायकल घेऊन दिली, तिचा ब्रेक मी दर रविवारी स्वतः बघते. चार वर्षांवरच्या पोराला मागे बसवलं तर त्यालाही हेल्मेट लागतं, हेही किती जणांना माहीत आहे?

रिक्षावाले_काका
मी शाळेची पोरं नेतो २२ वर्षं. पूर्वी दहा-अकरा बसवायचो, दप्तरं बाहेर लटकलेली. पैसे परवडत नव्हते, खरं सांगतो. एकदा वळणावर एक बाळ बाहेर झुकलं, मागच्या मुलीने शर्ट धरला म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला लोखंडी दांडा लावून घेतला, पोरं कमी केली. पालकांना म्हटलं महिन्याला थोडे वाढवा. दोघे सोडून गेले, बाकीच्यांनी दिले.

मोठी_बहीण
दुपारची_शिफ्ट, त्या मावशी अजून बसतात का तिथं?

दुपारची_शिफ्ट
हो. आता मार्चमध्ये आल्या होत्या कैऱ्या घेऊन. तुम्हाला यायचं असेल तर या, मी सोबत येते.

गिरणाकाठची
सर, फक्की कुठल्या दुकानात मिळते? सोमवारी आधी मुख्याध्यापकांना भेटते, मग दुकानात जाते.

शिक्षक_चोपडा
चुन्याच्या दुकानात. खेळाच्या मैदानाची म्हणून मागा. पाऊस पडला की पुन्हा मारावी लागते, दोन गोण्या घ्या.