पोटगीच्या अर्जाला ‘जबाब’, ‘म्हणणे’ की ‘कैफियत’?

मामेभावाची बायको वर्षभर वेगळी राहते आहे. तिने कौटुंबिक न्यायालयात पोटगीचा अर्ज केला. नोटिशीत ‘गैरअर्जदाराने म्हणणे दाखल करावे’ असं आहे, वकील ‘से तयार करू’ म्हणतात, मसुद्याच्या डोक्यावर ‘लेखी कैफियत’ लिहिलंय, आणि मामा सगळ्यांना ‘जबाब द्यायला जायचंय’ असं सांगत सुटलेत. चारही एकच का?

— ‘जबाब’ आधी बाजूला काढा. आज जबाब म्हटलं की पोलिसांनी नोंदवून घेतलेलं बोलणंच डोळ्यांपुढे येतं. मामांचं ऐकून शेजाऱ्यांना चौकी दिसत असणार. ‘कैफियत’ मूळ अरबी, ‘कैफ’ म्हणजे कसे. जे घडलं ते कसं घडलं, याची हकीकत. जुन्या दफ्तरांत घराण्यांच्या कैफियती सापडतात त्या याच अर्थाने. कोर्टात वादीचा दावा, त्यावर प्रतिवादीची कैफियत. आणि अर्ज असेल तर त्यावर म्हणणे. ‘से’ हे त्याच म्हणण्याचं इंग्रजी रूप. घटस्फोटाची याचिका चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम (निकाल लागेपर्यंतची) पोटगी मागितली, तर एकाच प्रकरणात याचिकेला कैफियत आणि अर्जाला म्हणणे, असे दोन्ही कागद होतात.

— एवढी काटेकोर विभागणी प्रत्यक्षात कुणी पाळत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालच्या (1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144) पोटगीच्या अर्जाला ‘कैफियत’ असं शीर्षक दिलं म्हणून काही अडत नाही. अडतं ते आतल्या मजकुरात. ‘अर्जातील मजकूर खरा व बरोबर नाही, सबब नाकबूल’ हे वाक्य झेरॉक्ससारखं प्रत्येक परिच्छेदाखाली येतं आणि त्या भरात लग्न, मूल, नोकरी सगळंच नाकबूल होऊन बसतं! लग्न कबूल, पगाराचा आकडा नाकबूल, खरा आकडा अमुक, असं एकेक वेगळं लिहायला हवं. मोघम नाकारलेलं दिवाणी कामात मान्य केल्यासारखं धरलं जातं. शिवाय म्हणण्यासोबत मालमत्ता व दायित्वांचं शपथपत्र लागतं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी जास्तीत जास्त 4 आठवडे दिले आहेत. तिथे ‘नाकबूल’ कामाचं नाही, आकडेच लागतात.

— ‘सबब’ म्हणजे इथे ‘म्हणून’, बरं का. मराठीत ‘सबब सांगणे’ म्हणजे निमित्त काढणे, त्यामुळे नवख्याला ‘सबब नाकबूल’ वाचून भलतंच वाटतं.

(मूळ प्रश्नकर्ता) मसुद्यात ‘गैरअर्जदार अर्जदारास नांदविण्यास तयार आहे’ असंही आहे. ‘नांदण्यास’ हवं ना?

— नाही, बरोबर आहे. ती नांदते, तो नांदवतो. व्याकरण बरोबर, पण क्रियापदाने सगळी सूत्रं नवऱ्याच्या हाती ठेवली आहेत. त्यातून हे वाक्य सवयीने घालू नका. बायको पुरेशा कारणाशिवाय राहायला नकार देत असेल तर पोटगी नाकारता येते, म्हणून ते लिहितात. पण छळाची तक्रार असेल तर ‘पुरेसं कारण’ कुणाकडे आहे हाच वाद होतो. ‘नांदविण्यास तयार’ लिहून खाली चारित्र्यावर पानभर आरोप केलेले मसुदे मी पाहिले आहेत. दोन्ही एकत्र कसं वाचायचं?

— जुनी माणसं ‘अन्नवस्त्राचा दावा’ म्हणत. मला तो शब्द ‘पोटगी’पेक्षा प्रामाणिक वाटतो. पोटगीत नुसतं पोट आहे. घरभाडं, औषधं, मुलाची फी हे ‘निर्वाहखर्चा’त तरी मावतं. काही भागांत ‘खावटी’ही म्हणतात.

— ‘खावटी’ कोर्टाच्या कागदात नका घालू. काहींना खाण्यापिण्याच्या गरजांसाठी मिळणारं खावटी कर्जच आठवेल.

(मूळ प्रश्नकर्ता) शीर्षक ‘अर्जावर म्हणणे’ केलं. ‘नांदविण्यास’ भावाने स्वतःच खोडलं. मामा अजून जबाबच म्हणतायत.