मदत हवी आहे: भूकच कमी, मग वजन वाढवायचं कसं?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. माझा धाकटा भाऊ विशीतला, उंची पाच फूट सात इंच, वजन 46 किलो. डॉक्टरांनी थायरॉईड, साखर, रक्त सगळं तपासलं. रिपोर्ट नॉर्मल आहेत. अडचण भुकेची आहे. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करतो, अर्धी संपली की ताट सरकवतो. आग्रह केला तर मळमळतं म्हणतो. उन्हाळ्यात तर नुसत्या ताकावर दिवस काढतो, जीव तुटतो बघून.

तेला-तुपाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, पिठाच्या साधारण साडेतीन, म्हणून घास न वाढवता जेवण कसदार करायचं ठरवलंय. आई भाजीत दाण्याचा कूट सढळ हाताने घालते. दाण्याच्या चटणीवर करडईचं कच्चं तेल घेतलं की भाकरीचे चार घास जास्त जातात, हे नक्की. तूप जास्त झालं तर मात्र पुढच्या वेळची भूकच मरते.

दूध-केळं जेवणानंतर द्यावं की मधल्या वेळी? ताक जेवणासोबत बंद करावं का? आणि कामावर नेता येईल, उन्हात टिकेल असं काय करून द्यावं? पावडरचे डबे नकोत. घरी असं कुणी असेल तर काय लागू पडलं ते सविस्तर सांगा.