पी-305 बुडाली, दोष एकट्या कॅप्टनचा?

सागरवेळ (धागाकर्ता)
मे 2021. तौक्ते वादळात पी-305 ही बार्ज (कामगारांना राहण्यासाठीचा मोठा तराफा) मुंबईसमोरच्या हीरा तेलक्षेत्रात बुडाली. बार्जवर 261 माणसं होती. वरप्रदा या टगवरचे (टग म्हणजे जहाज ओढणारी बोट) धरून 86 जीव गेले, त्यांत बरेचसे फिटर, वेल्डर, हेल्पर. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. तरी बार्ज बंदरात आली नाही, तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मपासून थोडी दूर सरकून नांगरावर राहिली. वाऱ्यात नांगर तुटले, बार्ज प्लॅटफॉर्मवर आदळली आणि तिला भोक पडलं.

थांबायचा निर्णय कॅप्टनचा होता, असं कंत्राटदाराकडून सांगण्यात आलं. पोलिसांच्या गुन्ह्यातही कॅप्टनचं नाव आलं. तो स्वतः या दुर्घटनेत गेला, त्याची बाजू मांडणार कोण? 'मानवी चूक' असा शेरा मारला की जिथून चौकशी सुरू व्हायला हवी तिथेच ती थांबते, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्याआधी काम उरकायची घाई कोणाला होती? टग कोणाच्या शब्दावर हलत होते? बार्ज बंदरात आणली असती तर त्या दिवसांचं भाडं कोणाच्या माथी पडलं असतं?

निवृत्त_मास्टर
सहमत नाही. जहाजावर शेवटचा शब्द मास्टरचा, म्हणजे कॅप्टनचा. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात स्वच्छ लिहिलंय की जीव वाचवण्यासाठी मास्टरला जो निर्णय आवश्यक वाटेल त्यापासून मालक, चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा), कंपनी कोणीही त्याला अडवू शकत नाही. एवढा अधिकार दिलाय तो वापरण्यासाठी. 2012 साली कोस्टा कॉन्कॉर्डिया या पर्यटन जहाजावर 32 माणसं मेली आणि प्रवासी अजून जहाजावर असतानाच कॅप्टन उतरून गेला. तिथेही कंपनीच्या ऑफिसला दोष द्यायचा का? तुमच्या विचाराने उद्या कोणीच कशाला जबाबदार राहणार नाही.

सागरवेळ
कॉन्कॉर्डियाबद्दल मान्य. पण पी-305 ला स्वतःचं इंजिन नव्हतं, आणि यांत्रिक शक्तीवर न चालणाऱ्या जहाजांना सोलासचे बहुतेक नियम मुळात लागूच होत नाहीत. मास्टरच्या ज्या अधिकाराचा तुम्ही हवाला देताय तो इथे कागदावर तरी कितपत होता? टग आल्याशिवाय बार्ज इंचभर हलत नाही.

यंत्रविशारद
तुम्ही दोघंही माणसांतच अडकलात. माणूस थकतो, वरिष्ठांना घाबरतो. अंदाजाचे आकडे थेट यंत्रणेत घ्या, ठरलेल्या वेगापुढे वारा जाणार असं दिसलं की आदेश आपोआप निघू दे. कोणाच्या हिमतीवर अवलंबून राहायला नको.

रात्रपाळी_ब्रिज
यंत्रावर इतका भरवसा नको. 1995 मध्ये बर्म्युडाहून बोस्टनला निघालेल्या रॉयल मॅजेस्टी या प्रवासी जहाजाच्या जीपीएसच्या अँटेनाची केबल सुटली. यंत्र गुपचूप अंदाजाने स्थान दाखवू लागलं. वॉचमागून वॉच (पहाऱ्याची पाळी) बदलली, ऑटोपायलट त्याच आकड्यावर चालत राहिला. शेवटी जहाज नॅन्टकेटजवळ वाळूत रुतलं तेव्हा ते मार्गापासून 17 मैल बाजूला होतं. उथळ पाण्याचा इशारा देणारं यंत्रही होतं, फक्त अलार्म शून्य मीटरवर लावलेला. माणसं वाचली हे नशीब. स्क्रीन ठीक दिसत असली की बाहेर बघायची सवय मोडते. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, हे मी रोज बघतो.

सेकंड_इंजिनिअर
माझं दोघांशी थोडं थोडं पटतं. 2024 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल पाडणाऱ्या डाली या मालवाहू जहाजावर बहुतेक खलाशी भारतीय, म्हणून तो तपास मी बारकाईने वाचला. तारेवर लेबलची पट्टी अशी बसली होती की तार टर्मिनलमध्ये (जोडणीच्या खाचेत) पूर्ण गेलीच नाही. ती सुटली, वीज गेली. झाला तांत्रिक बिघाड? पुढे वाचा. जनरेटरला इंधन पुरवायला फ्लशिंग पंप (मुळात नळ्या धुण्यासाठीचा) वापरत होते आणि वीज परत आली तरी तो आपोआप सुरू होत नाही. म्हणून दुसऱ्यांदा अंधार. असा पंप महिनोन्महिने चालू देणं ही एका खलाशाची चूक नव्हे, त्यावर ऑफिसने लक्ष ठेवायला हवं होतं. पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले.

मुरुडकर_तांडेल
आमच्याकडे ऑफिस नाही, चार्टरर नाही. बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की तांडेल ठरवतो. डिझेल-बर्फाचे पैसे अंगावर असतात, नाखवा (बोटमालक) चिडतो, तरी बोट आत घ्यायची. दबाव सगळ्यांवरच असतो, म्हणून मला मास्टरसाहेबांचं पटतं. फक्त एक, माझी बोट माझ्या इंजिनावर फिरते.

निवृत्त_मास्टर
इंजिनाचा मुद्दा मानतो. तरी व्यवहार बघा. अशी बार्ज अनेक नांगरांवर उभी असते, ते उचलायला टग आणि शांत पाणी लागतं. म्हणजे निर्णय दोन-तीन दिवस आधी घ्यायचा, जेव्हा वादळाची वाट नक्की नसते. वादळ दुसरीकडे वळलं तर काम बुडालं म्हणून त्याच कॅप्टनला जाब विचारणार.

सागरवेळ
मग आपण एकाच ठिकाणी पोचलो. बार्ज कधी हलवायची ती मर्यादा करारातच लिहा, बंदरातल्या दिवसांचंही भाडं चालू ठेवा, आणि वादळ वळलं तरी कोणाला जाब विचारू नका.

निवृत्त_मास्टर
पहिल्या दोन गोष्टींवर सही करतो. तिसरीवर नाही. जाब विचारायचाच, पण बार्ज हलवली म्हणून नव्हे, हलवली नाही म्हणून.