नखांचे पापुद्रे निघतायत, जेल करू की डिप? मदत हवी आहे

अनघा_२२
१२ दिवसांवर बहिणीचं लग्न आलंय आणि माझ्या नखांची पार वाट लागलीय. टोकं फाटतात, पापुद्रे सुटतात. काल स्वेटर घालताना अंगठ्याचं नख लोकरीत अडकलं आणि वरचा थर कांद्याच्या सालीसारखा निघून आला. साधं नेलपेंट लावलं तर दुसऱ्या दिवशी टवके उडतात. जेल, डिप पावडर, अ‍ॅक्रिलिक, बिल्डर जेल, वाचून वाचून डोकं फिरलंय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, कुठलं करू? उद्या अपॉइंटमेंट घ्यायची आहे.

मृण्मयी
नखं आधीपासून पातळ आहेत की आत्ताच झाली? आधी काही केलं होतंस का आणि ते काढलं कसं? दिवसभर हात पाण्यात असतात का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रेवा_के
डिप कर, डोळे झाकून. नखाला डिंक लावून रंगीत पावडरीत बुडवायचं, जेलसारखा सुकवायला दिवा लागत नाही, तीन आठवडे हलत नाही. मी वर्षभर करतेय.

सुलभाताई
रेवा, डिपसुद्धा शेवटी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवूनच काढावं लागतं. थर सोललेल्या नखावर ते कशाला? आणि बऱ्याच ठिकाणी एकाच बरणीत सगळ्यांची बोटं बुडवतात. केलंच तर पावडर वरून ओतायला सांग.

रेवा_के
माझ्याकडे ओततातच, ताई. सगळीकडे गलिच्छ कारभार असतो असं नाही.

निशिगंध
बायोटीनच्या (ब गटातलं जीवनसत्त्व) गोळ्या सुरू कर. बाहेरून काही लावण्यापेक्षा आतून पोषण महत्त्वाचं.

मृण्मयी
१२ दिवसांत बायोटीनने काय होणार, निशिगंध? आणि घेत असलीस तर रक्त तपासणीच्या आधी डॉक्टरांना जरूर सांग. थायरॉइडसारख्या काही चाचण्यांचे आकडे त्याने चुकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता.

अनघा_२२
अहो, प्रश्न मॅनिक्युअरचा आहे. मागच्या महिन्यात जेल केलं होतं. कडेने सुटायला लागलं म्हणून ओढून काढलं. त्याचा काय संबंध?

मृण्मयी
अगं, सगळा संबंध तिथेच आहे. जेल नखाला घट्ट धरून बसतं. ओढलं की नखाचे वरचे थर सोबत घेऊनच निघतं. वरचा भाग जरा किसून, अ‍ॅसिटोनचा कापूस बांधून १०-१५ मिनिटं ठेवायचं आणि मऊ झालेलं अलगद सरकवायचं. नाही निघालं तर पुन्हा बांधायचं, खरवडायचं नाही.
सोललेलं नख भरून येत नाही, ते फक्त वाढून पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, म्हणजे लग्नापर्यंत तुला जेमतेम मिलिमीटरभर नवं नख मिळेल. मुळापासून टोकापर्यंत बदलायला सहा महिने लागतात. त्यामुळे आत्ता नखं आखूड कर, कोपरे किंचित गोल ठेव. चौकोनी कोपरा अडकतो आणि तिथूनच फाटत जातो.

शंतनू_तारा
विषय थोडा वेगळा आहे, पण इथे जाणकार दिसतात म्हणून विचारतो. मी गिटार नखांनी वाजवतो. उजव्या हाताचं मधलं नख सारखं तुटतं. त्यावर अ‍ॅक्रिलिक चालेल का?

रेवा_के
शंतनू, बरेच गिटारवादक करतात तसं. पण अनघाला पुन्हा सांगते, चांगल्या ठिकाणी जा, क्युटिकल नीट कापून घे, मग जेलसुद्धा सुटत नाही. तुझं सुटलं कारण तयारीच नीट केली नव्हती.

सुलभाताई
क्युटिकल कापू नकोस गं. ती कातडी म्हणजे नखाच्या मुळाशी लावलेलं सील आहे. मला एकदा कापल्यावर नखाच्या कडेला पू झाला होता, आठवडाभर बोट ठणकत होतं. तेल लावून मागे सारली तरी भागतं.

रेवा_के
मी मेलेल्या कातडीबद्दल बोलतेय, जिवंत नाही.

सुलभाताई
कातडी कापायचा निपर चालवणारीला तो फरक दर वेळी कळेलच याची खात्री काय?

अनघा_२२
आखूड नखं मला नकोत, पण ठीक आहे. बरं, अजून एक. जेल केल्यापासून क्युटिकलपाशी बारीक पुरळ आहे, रात्री बोटांची टोकं खाजतात. बहुतेक साबणाने असेल. मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, दिवसभर ग्लोव्हज आणि हात धुणं चालू असतं.

मृण्मयी
अनघा, थांब. हे पहिल्या पोस्टमध्येच सांगायला हवं होतंस.
दिवसभर नख पाण्याने फुगतं आणि पुन्हा सुकतं. पापुद्रे सुटायचं एक मोठं कारण हेच. पण खाज आणि पुरळ वेगळं आहे. जेलमध्ये हेमासारखे अ‍ॅक्रिलेट, म्हणजे घट्ट होऊन प्लास्टिकसारखी बनणारी रसायनं, असतात आणि तुमच्या दवाखान्यात फिलिंग चिकटवायला वापरतात त्या बाँडिंगमध्येही त्याच जातीची रसायनं असतात. ती साध्या नायट्राइल ग्लोव्हमधून काही मिनिटांत आरपार जातात. ही अ‍ॅलर्जी असू शकते. एकदा जडली की सहसा जन्मभर राहते आणि पुढे स्वतःच्या दातांचं फिलिंग करतानाही आड येऊ शकते. जेल, बिल्डर जेल, अ‍ॅक्रिलिक सगळं बंद. डिपचा डिंकही त्याच मोठ्या कुटुंबातला, तोही नको. ‘हेमा-फ्री’ लेबलवर जाऊ नकोस, त्यात दुसरे अ‍ॅक्रिलेट असतातच. त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (संशयित रसायनं त्वचेवर चिकटवून करायची तपासणी) करून घे.

रेवा_के
मला वर्षभरात काहीच झालं नाही.

मृण्मयी
ही अ‍ॅलर्जी वारंवार लावून लावून होते गं, पहिल्याच खेपेला सहसा होत नाही. न सुकलेलं जेल कातडीला लागू देऊ नकोस, एवढं तरी सांभाळ.

अनघा_२२
घाबरले. पण मग लग्नाला उघड्या नखांनी उभी राहू?

सुलभाताई
उघडी कशाला? पाण्यात न भिजवता मॅनिक्युअर करून घे. भिजलेलं नख फुगतं, मग सुकताना आक्रसतं आणि त्यावरचा रंग सुटतो. पुरळ गेलं असेल तर आदल्या संध्याकाळी बेस, रंगाचे दोन पातळ हात, वर टॉपकोट. प्रत्येक हात नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरव, टवके तिथूनच सुरू होतात. पुरळ तसंच असेल तर नुसती तेल लावलेली, नीट घासलेली आखूड नखंही छान दिसतात.

अनघा_२२
उद्याची अपॉइंटमेंट घेत नाही. गुरुवारी स्किनच्या डॉक्टरांकडे जातेय. दवाखान्यातल्या बाँडिंगच्या बाटलीचं लेबल त्यांना दाखवू का?

मृण्मयी
फोटो काढून ने, घटकांची यादी वाचता येईल असा. जेलच्या बाटलीचाही मिळाला तर ने.

शंतनू_तारा
माझ्या मधल्या नखाचं कुणी सांगेल का?

मृण्मयी
आधी काचेच्या फाइलने, एकाच दिशेने घासून बघ, शंतनू. धातूच्या खरखरीत फाइलने कडेला बारीक चिरा पडतात, तुटणं तिथूनच सुरू होतं. तू कशाने घासतोस?