साउंडबार लावूनही संवाद ऐकू येत नसतील तर

नवा साउंडबार लावला तरी संवाद दबलेले आणि पार्श्वसंगीत मात्र कानठळ्या बसवणारं, अशी तक्रार असेल तर हे वाचा. बार परत करायची घाई नको, बहुतेक वेळा दोष जोडणीत किंवा सेटिंगमध्ये असतो.

ऑप्टिकल केबलमधून (प्रकाशावर चालणारी डिजिटल ऑडिओ केबल) दोन चॅनलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) किंवा फार तर डॉल्बी डिजिटल, डीटीएस या दाबलेल्या स्वरूपांतला 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठीचा) आवाज जातो. ॲटमॉस, म्हणजे डॉल्बीचा वरूनही येणारा आवाज, जातच नाही. त्यामुळे एचडीएमआय वापरा, पण 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' (टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणारी सोय) लिहिलेल्या सॉकेटलाच. टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना नियंत्रित करायची सोय, हीही चालू हवी. एलजीत ते सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक या नावाने सापडेल.

आता मुख्य गोष्ट. टीव्हीचं डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर एआरसीतून दोनच चॅनल जातात आणि संवादांचा मधला चॅनल डाव्या-उजव्यात मिसळतो. ते 'पासथ्रू' (आवाज न बदलता तसाच पुढे पाठवणं) किंवा 'ऑटो' करा. बार 2.0 किंवा 2.1 (डावा-उजवा असे दोनच चॅनल, '.1' म्हणजे सोबत सबवूफर) असेल तर मात्र त्यात मधला स्पीकरच नसतो, त्यामुळे याचा फारसा फायदा नाही. तिथे चित्रपट-मालिका पाहायच्या ॲपमध्ये स्टीरिओ (दोन चॅनलचा) ट्रॅक मिळत असेल तर तो निवडा आणि बारचा नाइट मोड लावा, म्हणजे मोठ्या आणि बारीक आवाजांतलं अंतर कमी होतं. सबवूफर (बाससाठीचा वेगळा स्पीकर) असेल तर तो कोपऱ्यातून बाहेर ओढा. कोपऱ्यात बास फुगतो आणि खालच्या पट्टीतले आवाज त्यात बुडतात.

आवाज ओठांच्या आधी येत असेल तर ऑडिओ डिले (आवाज उशिरा करायचं सेटिंग) थोडा थोडा वाढवत न्या. उशिरा येत असेल तर तो शून्यावर आणा.