सेवा कराराची बोलणी प्रोग्रामकडे सोपवली, तर त्याने नमते केव्हा घ्यावे?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या छोट्या कंपनीला क्लाउड पुरवठादारांकडून दरमहा सर्व्हर भाड्याने घ्यावे लागतात. ही बोलणी प्रोग्रामने करावी म्हणून मी एक प्रयोग करत असून, चाचणीपुरती पुरवठादाराची बाजूही मीच लिहिली आहे. दर, उपलब्धता आणि प्रतिसादाचा वेळ या तीन मुद्द्यांवर दोन्ही प्रोग्राम आळीपाळीने प्रस्ताव मांडतात. अडचण अशी, की माझा प्रोग्राम बराच वेळ ताणून धरतो, मुदत संपत आली की भराभर दर वाढवतो आणि करार नेमका आमच्या कमाल मर्यादेवर येऊन थांबतो. यावर उपाय काय? शिवाय असा करार कायद्याने बंधनकारक ठरतो का?

उत्तर १:
आपण वर्णन केलेल्या पद्धतीला फाराटिन, सिएरा आणि जेनिंग्ज या संशोधकांच्या 1998 च्या मांडणीत ‘बूलवेअर’ म्हटले आहे. समोरच्याला आपली मुदत कळली, तर त्याने फक्त थांबायचे असते. आपला प्रोग्राम ती मुदत प्रस्तावासोबत पाठवत नाही ना, हे आधी तपासा.

मात्र खरा तोटा एकट्या दरावर घासाघीस करण्यात आहे, असे मला ठामपणे वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात 99.9 टक्के उपलब्धता म्हणजे 43.2 मिनिटे सेवा बंद राहण्याची मुभा, तर 99.5 टक्के म्हणजे 3 तास 36 मिनिटे. आपले काम रात्री कधीही उरकले तरी चालणारे असेल, तर उपलब्धतेत नमते घेऊन दरात सूट मागावी. पुरवठादारालाही ते परवडू शकते. त्यासाठी प्रत्येक मुद्द्याचे महत्त्व आकड्यांत ठरवून प्रोग्रामला द्यावे लागेल.

उत्तर २:
उपलब्धता कोण मोजणार, हेही बोलणीतच ठरले पाहिजे. आमच्या एका करारात 99.9 टक्क्यांचे आश्वासन होते, पण पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल त्यात धरलेली नव्हती. एका रात्री चार तास सेवा बंद राहिली आणि भरपाई शून्य मिळाली. म्हणून व्याख्या आधीच कराराच्या साच्यात पक्क्या कराव्यात आणि प्रोग्रामला फक्त आकडे बदलू द्यावेत. ओपन ग्रिड फोरम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या, सेवा करारांसाठीच्या 2007 च्या ‘डब्ल्यूएस-अ‍ॅग्रीमेंट’मध्ये अशा साच्यांची सोय आहे. 2011 मध्ये त्याला वाटाघाटींची जोड मिळाली. तिच्यातील प्रस्ताव-प्रतिप्रस्ताव बंधनकारक नसतात, करार त्यानंतर स्वतंत्रपणे होतो. ही विभागणी आपणही ठेवावी.

उत्तर ३:
कायद्याविषयी: माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मध्ये 2008 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 10-क नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला या कारणाने करार अंमलबजावणीस अपात्र ठरत नाही. कलम 11 प्रमाणे, आपण किंवा आपल्या वतीने कोणी आपोआप चालण्यासाठी रचलेल्या प्रणालीने पाठवलेला अभिलेख आपलाच मानला जातो. त्यामुळे ‘हे प्रोग्रामने केले’ असे सांगून हात वर करता येणार नाहीत. खर्चाची कमाल मर्यादा प्रोग्रामबाहेर, त्याला बदलता न येणाऱ्या जागी ठेवावी आणि प्रत्येक प्रस्तावाची वेळेसह नोंद जपावी.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. मुदत खरोखरच प्रत्येक संदेशातून जात होती. ती आता काढली आहे. तीन मुद्द्यांचे महत्त्व किती धरावे, हे मात्र रात्रीची कामे पाहणाऱ्या सहकाऱ्यांना विचारूनच ठरवतो.