अनुभव धागा: मधल्या सुट्टीत तुम्ही काय करायचात?

मुलाच्या शाळेचं नवीन वेळापत्रक हातात आलं. चौथीच्या वर्गाला मधली सुट्टी वीस मिनिटं, डबा वर्गातच बाकावर बसून खायचा, आणि खाली तळटीप: 'सुट्टीत मैदानावर जाऊ नये.' पालकांच्या ग्रुपवर बहुतेकांना ते आवडलं. मुलं पडत नाहीत, कपडे मळत नाहीत, अभ्यासक्रम वेळेत होतो. मला मात्र ते मनापासून चुकीचं वाटतं. दिवसभर कुठे बसायचं, कधी बोलायचं, कुठलं पान उघडायचं हे मोठी माणसं ठरवतात. मुलांनी स्वतः ठरवायचा असा एवढाच वेळ शाळेत असतो, आणि सगळ्यात आधी कात्री त्यालाच लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्षाचे अध्यापनाचे तास मोजून दिलेत, पहिली ते पाचवी ८०० आणि सहावी ते आठवी १०००. मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं, हेही त्यात आहे. पण मुलाला रोज किती वेळ मोकळा मिळावा, याचा आकडा तिथे नाही.

तुमचे अनुभव हवे आहेत. सुट्टी केवढी होती, कुठे जायचात, काय मिळालं, काय नाही मिळालं. शिक्षकांनी जरूर लिहा. वाईट अनुभव असले तर तेही लिहा.

प्राथमिक शिक्षिका, धडगाव तालुका, नंदुरबार

आमची द्विशिक्षकी शाळा आहे. माझ्या वर्गातल्या पहिलीच्या मुलांची घरची भाषा पावरी. मी नगरकडची. जून-जुलैत वर्गात ही मुलं माझ्याकडे नुसती बघत बसतात. प्रश्न विचारला की खाली मान. अशा मुलाबद्दल 'याला काही येत नाही' असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

एक मुलगा असाच होता. वर्गात ओठ उघडायचा नाही. मोठ्या सुट्टीत ओसरीवर उभी राहून पाहिलं, तर हाच पठ्ठ्या दोन गट पाडत होता. कोण कुठल्या बाजूला, रेघ कुठे मारायची, कोणाचा पाय रेघेला लागला, सगळा निवाडा त्याचा, आणि तिसरीतली पोरंही तो ऐकत होती. भांडण झालं तेव्हा त्याने दोघांना समोरासमोर उभं केलं, दोघांचं ऐकून घेतलं आणि डाव परत लावला. त्या दिवसापासून मी वर्गात 'गट तू पाड' म्हणत त्याच्यापासूनच सुरुवात करू लागले. दिवाळीपर्यंत मराठीत बोलायला लागला. त्यातली बरीचशी मराठी त्याने चौथीच्या मुलांकडून खेळतानाच उचलली होती.

पोषण आहाराबद्दलही सांगायला हवं. योजना १९९५ पासूनची. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि कोरड्या धान्याऐवजी शिजवलेलं अन्न द्यायचं ठरलं. आमच्याकडे अनेक मुलांचं ते दिवसातलं पहिलं पोटभर जेवण असतं, तेव्हा त्याचं मोल मला कोणी सांगायला नको. अडचण आहे ती वेळेची. रांग, वाढप, जेवण, मग एकाच नळावर ताट धुवायला परत रांग. सुट्टी तिथेच संपते. मुली ताट कसंबसं विसळून फ्रॉकला पुसत पुसत मैदानाकडे धावतात, तोंडात शेवटचा घास असतोच. जेवणाची वेळ वेगळी आणि खेळाची वेळ वेगळी धरली पाहिजे. आम्ही दोघी शिक्षिकांनी दुपारच्या सत्रात दहा मिनिटांची लहान सुट्टी वेगळी ठेवली आहे. ती मिळते म्हटल्यावर जेवणाची घाई पुष्कळ कमी झाली.

गिरगावात वाढलेला, आता बोरिवली

आमच्या शाळेला मैदानच नव्हतं. चार मजली इमारत, सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. सुट्टी गॅलरीत. 'पळायचं नाही' म्हणून मॉनिटर फळ्यावर नावं लिहायचा. तरी आम्ही खेळलोच. बुक क्रिकेट: बालभारतीचं पुस्तक कुठेही उघडायचं, डावीकडच्या पानाच्या नंबरातला शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आला की आऊट. अर्ध्या पानाच्या वहीत पूर्ण स्कोअरकार्ड, गोलंदाजांच्या नावांसकट. पेनफाईट, बाकाच्या कडेवरून दुसऱ्याचं पेन पाडायचं. जागा नसली तरी वेळ असला की मुलं खेळ शोधतात. वेळच काढून घेतला तर कसला खेळ?

परिचारिका, सोलापूर जिल्हा

इथे सगळे खेळांवर लिहितील म्हणून मी दुसरं लिहिते.

हायस्कूलला असताना आम्ही मुली सकाळी पाणी पिऊन घराबाहेर पडायचो नाही, आणि शाळेतही प्यायचो नाही. तास चालू असताना 'जाऊ का' विचारलं की सर सगळ्यांदेखत 'सुट्टीत काय केलंस?' म्हणायचे. सुट्टीत मुलींसाठी दोन संडास, त्यातल्या एकाची कडी तुटलेली, म्हणून मैत्रीण बाहेर दार धरून उभी. रांग संपायच्या आत घंटा. पाळीच्या दिवसांत तर त्या सुट्टीचा हिशोब करूनच शाळेत यायचं की नाही ते ठरायचं. कित्येकजणी त्या दिवसांत घरीच राहायच्या.

आता दवाखान्यात लघवीच्या जंतुसंसर्गाच्या तक्रारी घेऊन शाळकरी मुली येतात. 'पाणी किती पितेस' हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर तेच येतं. केरळने २०१९मध्ये शाळांमधून पाण्याची घंटा सुरू केली. ठरलेल्या वेळी घंटा वाजते आणि सगळ्या वर्गाने पाणी प्यायचं. फार चांगली गोष्ट आहे. पण प्यायलेलं पाणी बाहेर टाकायलाही वेळ आणि धड दाराचा संडास लागतो. सुट्टी वीस मिनिटांवर आणणाऱ्यांनी एकदा मुलींच्या संडासासमोर घड्याळ घेऊन उभं राहावं, एवढी कळकळीची विनंती.

धागाकर्ती: हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तुम्ही इतकं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

पालक, पुणे

माझा मुलगा एका जागी बसू शकत नाही. तपासण्या झाल्या आहेत, उपचार चालू आहेत. दुसरीत असताना 'जागेवरून उठतो' या कारणासाठी शिक्षा म्हणून त्याची मधली सुट्टी बंद केली. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी. दुसरी मुलं खाली, आणि हा वर्गात 'मी जागेवर बसेन' लिहितोय. दुपारनंतर त्याचं वागणं आणखी बिघडायचं, की दुसऱ्या दिवशी परत शिक्षा. शाळेला हे किती वेळा समजावलं! ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच हालचाल बंद केली, तर तो शांत कसा होणार?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली याच विषयावर निवेदन काढलं होतं. शिक्षा म्हणून किंवा अभ्यास राहिला म्हणून मुलाची सुट्टी काढून घेऊ नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मी त्याची प्रत नेऊन दिली. पुढे आम्ही शाळा बदलली. नव्या शाळेतल्या बाई त्याला दर तासानंतर कुठला तरी निरोप घेऊन ऑफिसात पाठवतात. घरी येणाऱ्या तक्रारी थांबल्या.

नेत्रतज्ज्ञ, नाशिक

थोडं माझ्या क्षेत्रातलं सांगतो. लांबचं अंधूक दिसणारी मुलं आता फार लहान वयात येतात. त्याचं कारण मोबाईलवर टाकून आपण मोकळे होतो, पण दिवसाचा उजेड न मिळणं हाही मोठा भाग आहे. वर्गात साधारण तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार लक्स. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि त्यामुळे डोळ्याची लांबी अवाजवी वाढण्याला (लांबचं अंधूक दिसतं ते त्यामुळेच) आळा बसतो, असं मानलं जातं. तैवानने २०१०पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास घराबाहेर काढायचा कार्यक्रम घेतला, त्यात सुट्टीत वर्ग रिकामे करण्यावर भर होता. वर्षानुवर्षं घसरत चाललेली प्राथमिक शाळांतल्या मुलांची दृष्टी त्यानंतर सुधारू लागली. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. आपल्याकडे ऊन तर फुकट आहे. सुट्टीत मुलांना उंबऱ्याबाहेर जाऊ द्या. एप्रिल-मेच्या कडक उन्हाची गोष्ट वेगळी, तेव्हा झाडाखाली किंवा पडवीत.

ग्रंथपाल, सातारा

सगळे सुट्टीचं कौतुक करताहेत. माझ्यासाठी मधली सुट्टी हा दिवसातला सगळ्यात लांब वेळ होता. मी बोलताना अडखळायचे. डावात कोणी घ्यायचं नाही, माझी नक्कल व्हायची, डबा लपवला जायचा. तासाला निदान बाई वर्गात असायच्या. घंटा झाली की पोटात गोळा यायचा. सातवीपर्यंत मी जिन्याखाली बसून डबा खाल्ला.

आठवीत आमच्या मराठीच्या बाईंनी सुट्टीत वाचनालय उघडं ठेवायला सुरुवात केली. कुलूप काढायच्या आणि आत एका कोपऱ्यात वह्या तपासत बसायच्या. कोणाला काही वाचा म्हणाल्या नाहीत. हळूहळू आम्ही पाच-सहाजणी तिथे जमू लागलो. माझी आयुष्यभराची मैत्रीण मला तिथे मिळाली.

म्हणून माझं म्हणणं असं, की सुट्टी हवीच, पण 'सोडलं मोकळं' म्हणजे सुट्टी दिली असं होत नाही. एखादं मोठं माणूस दिसेल इतक्या अंतरावर असावं, आणि ज्याला दंग्यात जायचं नाही त्याच्यासाठी एक उघडी खोली असावी.

धागाकर्ती: तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. सुट्टी बंद करा असं तुम्ही म्हणत नाही, ती सगळ्यांना पेलेल अशी करा म्हणताय, हे मला फार मोलाचं वाटतं.

क्रीडाशिक्षक, बीड

एकच सांगतो. 'पीटीचा तास आहे की, मग सुट्टी कशाला?' असं पालक विचारतात. पीटीच्या तासाला शिट्टी माझी, रांग माझी, खेळही मीच ठरवतो. तो तास हवाच, आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला देऊन टाकायचा रिवाजही थांबायला हवा. पण सुट्टीत मूल स्वतः गडी निवडतं, नियम करतं, हरतं, रुसतं, परत येतं. ते मला शिकवता येत नाही. २०२४ला राज्यात पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी पुस्तकांऐवजी उपक्रम, आला, त्याचं स्वागतच आहे. तरी तोही उपक्रमांनी गच्च भरला की मुलाच्या हातात काय राहिलं?

एस्पो, फिनलंड

मुलगी इथे तिसरीत आहे. इथला नियम असा, की तासाभरात निदान पंचेचाळीस मिनिटं शिकवायचं आणि उरलेला वेळ सुट्टी. हल्ली काही शाळा दोन तास जोडून घेतात, मग सुट्टीही मोठी मिळते. या सुट्टीला वालितुंती म्हणतात, आणि त्यात सगळ्यांनी बाहेर जायचं. बर्फ पडतोय, पाऊस आहे, तरी बाहेर. पहिल्या हिवाळ्यात माझा जीव वरखाली व्हायचा. मराठी आईचा जीव, टोपी-मोजे-मफलर सगळं चढवूनही पोर आजारी पडेल असंच वाटायचं. तिच्या शिक्षिकेने मला शांतपणे सांगितलं, की कपडे सुकवायचं कपाट वर्गाबाहेर आहे, काळजी करू नका. खरंच, बारकी बारकी मुलं आपापले जाड डगले स्वतः चढवतात, उतरवतात, कपाटात लटकवतात. त्यात वेळ जातो आणि तो जाऊ देतात. पिवळं जाकीट घातलेले दोन शिक्षक मैदानात फिरत असतात. मोठं माणूस दिसेल इतक्या अंतरावर असावं, असं वर सातारच्या ताईंनी लिहिलं, ते इथे वेळापत्रकातच बसवलेलं असतं.

निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर जिल्हा

शिक्षकांच्या बाजूचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सुट्टी वाढवा म्हटलं की पहिला विरोध शिक्षकखोलीतून येतो, आणि तो रास्त असतो. सलग चार तासिका घेऊन घसा बसलेल्या माणसाला चहाचा घोट घ्यायलाही तेवढाच वेळ मिळतो. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, वर पटांगणावर लक्ष. माझ्याकडे पाळीपाळीने दोघांची नेमणूक असे, आणि ज्यांची पाळी त्यांना त्या दिवशी एक तासिका मोकळी. तासिका पस्तीस मिनिटांच्या. मोकळ्या तासिकेच्या वेळी त्यांचा वर्ग कोण घेणार, ते वेळापत्रकातच लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर ही योजना आठ दिवसांत मोडते.

मोठी सुट्टी चाळीस मिनिटांची आणि दुसऱ्या व सहाव्या तासिकेनंतर दहा-दहा मिनिटांची लहान सुट्टी, असा आमचा क्रम होता. वेळ कुठून आणला? परिपाठातली भाषणं कमी केली आणि सूचना फळ्यावर लिहायला लागलो. अभ्यासक्रम मागे पडला नाही. सहाव्या तासिकेनंतरची सुट्टी सुरू झाल्यावर शेवटच्या दोन तासिकांत मुलं जागी राहू लागली, हे गणिताच्या सरांनीच मला येऊन सांगितलं. सुरुवातीला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता.

पालकांसाठी: जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळा असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. तिथे विषय लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. विनाअनुदानित शाळेला ही समिती लागू नाही, तिथे पालक-शिक्षक संघातून जा. नुसतं 'सुट्टी वाढवा' असं लिहू नका. किती मिनिटं हवीत, ती कुठून काढायची, पटांगणावर लक्ष कोण ठेवणार आणि पावसाळ्यात मुलं कुठे जाणार, ही चार उत्तरं अर्जासोबत जोडा. असा अर्ज मुख्याध्यापकाला बाजूला ठेवता येत नाही, हे मी त्या खुर्चीत बसून पाहिलंय.